दोरा बाहेर असू द्या

चित्रातली बाई मधोमध उभी चिरलेली होती. डोकं नाही, गुडघ्याखाली पाय नाहीत, उरलेल्या भागाचा सरळ छेद. तरीही तिच्या एकंदर बसण्यात इतका निवांतपणा होता की मला तिचा हेवा वाटला. मी अखंड होते, डोक्यासकट होते, आणि बाथरूममधल्या स्टुलावर घामाने निथळत बसले होते.

हे चित्र टॅम्पॉनच्या, म्हणजे पाळीत रक्त शोषायला आत बसवायच्या कापसाच्या वातीच्या, खोक्यातून निघालेल्या पत्रकावर होतं. पत्रक उलगडत गेलं, उलगडत गेलं आणि शेवटी माझ्या दोन्ही गुडघ्यांवरून जमिनीला टेकलं. त्यात सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : सैल व्हा. मी सैल व्हायच्या आधी पत्रकाची घडी घालावी म्हटलं, तर ती जमेना. कारखान्यातून ज्या खोक्यात बसून ते आलं, त्याच खोक्यात मला ते परत बसवता येईना. शकुन काही बरा नव्हता.

या वयात ही हौस कशाला, तर पोहण्यामुळे. पस्तिशी ओलांडल्यावर मी पोहायला शिकत होते. जरा कुठे तरंगायला लागले की पाळी यायची, पाच दिवस खाडा व्हायचा, आणि सहाव्या दिवशी शरीर पुन्हा दगडासारखं तळाशी. मग सर म्हणायचे, "चला मॅडम, भिंत धरा, पाय मारा." खाड्याचं कारण मी सर्दी असं सांगत असे. दर अठ्ठावीस दिवसांनी न चुकता होणारी आणि बरोबर पाच दिवसांनी जाणारी माझी सर्दी हा त्यांच्या कुतूहलाचा विषय झाला होता. पॅड लावून पाण्यात उतरायचा प्रश्नच नव्हता. ते आपलंपरकं बघत नाही, सगळा तलाव प्यायला निघतं.

ताई कित्येक वर्षं टॅम्पॉन वापरते. "एवढंसं तर असतं," म्हणून तिने करंगळी दाखवली होती. ताईचा स्वभाव असा की ती आधी काही सांगत नाही. आपण चुकलो की मग सविस्तर सांगते. त्यामुळे खोकं मी माझ्याच अकलेने आणलं होतं. त्यावर 'सुपर' लिहिलेलं होतं. मला वाटलं, दर्जा असेल. तो दर्जा नव्हता, जाडी होती.

तर मी आत, ताई बाहेर, मध्ये बंद दार.

"झालं का गं?"

"ताई, भिंत लागली."

"कुठली भिंत?"

"आतली!"

"सरळ वर ढकलतेयस ना?"

"मग कुठे ढकलू?"

"पाठीकडे. कमरेच्या मणक्याच्या दिशेने. चित्रात बघ की."

मी चित्र पाहिलं. त्या चिरलेल्या बाईच्या योनीची वाट खरंच तिरकी, मागे कललेली होती. आणि सगळी मिळून सात ते दहा सेंटीमीटर लांब. म्हणजे इतकी वर्षं मी तिथे लिफ्टचा उभा बोगदा आहे असं धरून चालले होते, आणि निघाली घसरगुंडी. स्वतःच्या घरात राहून आपल्याला जिना कुठे आहे हे माहीत नसावं, तसं झालं.

पहिला नग चुरगळून फुकट गेला. दुसरा मी आधी नीट पाहायचं ठरवलं. पुठ्ठ्याच्या दोन नळ्या, एकीत एक सरकणाऱ्या. रुंद नळीत दाबून बसवलेली कापसाची वात, आणि अरुंद नळीच्या शेवटाला बाहेर लोंबणारा पांढरा दोरा. मागची नळी दाबली की पुढून टॅम्पॉन सरकतो, इंजेक्शनच्या सिरिंजसारखा. खरंच सरकतो का, म्हणून मी हवेतच जरा दाबून पाहिलं. सरकतो. थेट बादलीत पडला.

तिथे पुढे जे झालं ते मी बघत बसायला नको होतं. आधी तो नुसता तरंगला. मग खालच्या बाजूने करडा होत गेला, मग कडेने उलगडला, अंगाने दुप्पट झाला आणि दोऱ्याची शेपटी मागे सोडून बादलीच्या कडेला येऊन टेकला. पाण्यात पडलेला उंदीर हुबेहूब असाच दिसतो. हा प्राणी माझ्या आत जाऊन असा फुगणार असेल तर आपल्याला पोहायचंच नाही, असं मी दारातून जाहीर केलं.

"बादलीभर पाणी आहे का तुझ्यात?" ताई म्हणाली. "अख्ख्या पाळीत मिळून तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं बहुतेकींचं. दोन-तीन मोठे चमचे. तो फुगेल तो तेवढ्यावरच."

दोन-तीन चमचे! मी आजवर सगळ्यांना बादल्याच सांगत आले होते. खरं सांगायचं तर मला थोडा अपमानच वाटला.

तिसरा मात्र गेला. म्हणजे मला वाटलं गेला. मी नळी बाहेर काढली, दोरा बाहेर असल्याची खात्री केली, दार उघडून विजयी मुद्रेने बाहेर आले आणि चार पावलं टाकली. पाचव्या पावलाला चाल बदलली. ताईने खुर्ची पुढे केली. मी बसले आणि बसल्या बसल्या उभी राहिले.

कसं वाटत होतं? दुखत नव्हतं असं नाही, पण दुखण्यापेक्षा तो आहे हे कळत होतं, सतत. पाहुणा उंबरठ्यावरच बसून राहावा, आत येईना, बाहेर जाईना आणि त्याच्यामुळे दारही लावता येऊ नये, तसं.

"कळतोय म्हणजे नीट बसलेला नाही," ताईने निकाल दिला. "अर्धवट आहे तो."

आणि मग, मी चुकल्यावर, तिने सविस्तर सांगितलं. संवेदना मुख्यतः त्या वाटेच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात असते. आवळणारे स्नायूही तिथेच. त्यापलीकडे, आत, फारसं काही जाणवत नाही. म्हणजे टॅम्पॉन ठेवायला सगळ्यांत वाईट जागा कुठली, तर ती, जिथे मी तो घाबरून सोडून दिला होता. जितका कमी आत तितका त्रास कमी, असा माझा साधासरळ हिशेब होता, आणि तो बरोब्बर उलटा होता. मला वाटतं टॅम्पॉन 'जमत नाही' म्हणून सोडून देणाऱ्या निम्म्याजणी तरी अशा उंबरठ्यावरूनच परत फिरत असतील.

काढताना तो जवळजवळ कोरडा होता. पाळी संपत आलेली, त्यात सुपर. त्याला प्यायला काही मिळालंच नव्हतं. कोरडा कापूस बाहेर येताना मी जे शब्द वापरले ते ताईने दाराबाहेरून ऐकले आणि आईला सांगितले नाहीत, याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

मधल्या महिन्याभरात मी अभ्यास केला. हल्ली आपण घाबरलो की अभ्यास करतो. 'टॅम्पॉन' हा मुळात फ्रेंच शब्द, अर्थ साधा : बूच. ज्याच्या नावातच एवढी स्पष्टता आहे त्याबद्दल आपण इतकं कुजबुजत का बोलतो कोण जाणे. पुठ्ठ्याच्या नळ्यांची कल्पना अर्ल हास नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरची. १९३१ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. बाईला स्वतःला हात लावावा लागू नये, असा त्यातला सोज्ज्वळ विचार. भल्या माणसाला तो बादलीतून कधी काढावा लागला नसणार. पुढे १९५० च्या सुमारास युडिट एसर-मिट्टाग या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी नळ्याच काढून टाकल्या आणि नुसत्या बोटाने बसवायचा टॅम्पॉन तयार केला. मी ताबडतोब या बाईंच्या पक्षात गेले. पुठ्ठ्याला काही कळत नाही. बोटाला आपण कुठे आहोत ते कळतं.

सुपरचं कोडंही सुटलं. अमेरिकेतल्या मापांनुसार रेग्युलर म्हणजे सहा ते नऊ ग्रॅम शोषणारा आणि सुपर नऊ ते बारा. सहाच्या खाली लाइट. नवशिक्यांनी लाइटपासून सुरुवात करावी, स्राव जास्त असेल त्या दिवशी करावी. ओलाव्यामुळे तो सहज सरकतो. मी पाचव्या दिवशी सुपर घेऊन बसले होते. म्हणजे पोहायला शिकताना रिकाम्या तलावात उडी मारण्यासारखं.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "पण त्याने पडदा फाटत नाही का गं?" तिच्या डोळ्यांसमोर बहुधा ढोलाचं कातडं असावं. मी म्हटलं, अगं, तो बंद पडदा असता तर पाळी कुठल्या रस्त्याने आली असती? ती बराच वेळ विचारात पडली. कातडीची ती नाजूक किनार असते, तिला मुळातच वाट असते आणि ती ताणली जाते. मग तिची दुसरी शंका : आत हरवला तर? इथे मात्र मी गप्प झाले, कारण ती माझीही होती.

पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा मी आत, ताई बाहेर. या वेळी लाइट, बिननळीचा. साबणाने हात धुतले. एक पाय स्टुलावर. दोरा ओढून बघितला, पक्का होता.

"दात-ओठ खाऊ नकोस," दाराबाहेरून आवाज आला. "दिवा विझवताना मारतात तशी हळू फुंकर मार. लांब."

मी बाथरूममध्ये एका पायावर उभी राहून नसलेला दिवा विझवू लागले. फुंकर लांबवण्याच्या नादात आवळून धरायचं राहूनच गेलं, आणि तेवढ्यात बोट मधल्या पेरापर्यंत, कमरेच्या दिशेने, तिरकं, आपसूक गेलं. मी बोट काढलं आणि दुखण्याची वाट बघत थांबले.

दुखलं नाही. काही वाटलंही नाही. मी पाय खाली घेतला. वाकले. उकिडवी बसले. दोन उड्या मारल्या. काहीच नाही.

"ताई! गेला कुठे?"

"दोरा आहे का?"

"आहे."

"मग तोही आहे."

"पण वर कुठे निघून गेला तर?"

"वर जायला रस्ताच नाहीये. गर्भाशयाच्या तोंडाचं भोक इवलंसं असतं. तिथे तो कुठून शिरणार? ये बाहेर, मला जायचंय आत."

मी खुर्चीत बसले. उठले. पुन्हा बसले. खुर्ची ही नुसती खुर्ची होती. इतका आनंद मला नुसतं बसून कधी झालेला नाही.

पुढचे चार तास मी लघवी दाबून धरली, कारण आधी तो काढावा लागेल असं वाटत होतं. ताईने कपाळावर हात मारला. "दोन वेगळे रस्ते आहेत गं. दोरा बाजूला धर आणि जा." हे मला माहीत होतं. परीक्षेत चार मार्कांना आकृती काढली होती मी. पण आकृती आणि आपण यांचा काही संबंध असतो हे ऐन वेळी लक्षात राहत नाही.

तलावावर एका तासासाठी जाताना बॅगेत अकरा टॅम्पॉन घेतले. ताई हसली, पण मी एकटी नाही. १९८३ मध्ये सॅली राइड अंतराळात निघाल्या तेव्हा नासाच्या इंजिनिअरांनी त्यांना विचारलं होतं, शंभर पुरतील ना? मोहीम आठवड्याचीसुद्धा नव्हती. रॉकेट उडवणाऱ्यांचा जिथे अंदाज चुकतो, तिथे माझे अकरा म्हणजे काटकसरच.

सरांनी भुवया उंचावल्या. "मॅडम, या महिन्यात सर्दी नाही?"

"आहे सर. बंदोबस्त केलाय."

पाण्यात पहिली दहा मिनिटं मी फक्त दोरा पोहण्याच्या कपड्याआड खोचलेला आहे ना, हेच चाचपत होते. मग विसरले. पाठीवर तरंगत राहिले, कान पाण्याखाली, वर नुसतं आभाळ. तासाभराने बाहेर आल्यावर तो काढून दुसरा घातला, कारण भिजलेला दोरा पाणी शोषत राहतो. काढताना सुळकन आला. शब्द वापरावे लागले नाहीत.

आता खरी पंचाईत सुरू झाली. ही वस्तू नीट बसली याची खूण काय, तर तिचा विसर पडणं. आणि त्या गुडघ्याभर पत्रकात दुसरी ठळक ओळ काय, तर विसरू नका. आठ तासांच्या वर ठेवायचा नाही, चार ते आठ तासांत बदलायचा. तो एक परिच्छेद मी न हसता वाचला. टॉक्सिक शॉक सिंड्रोम, म्हणजे जंतूंचं विष अंगात भिनून होणारा आजार, क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. १९८० साली अमेरिकेत फार शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे त्याचे रुग्ण एकाएकी वाढले होते. अचानक जोराचा ताप, उलट्या, चक्कर, अंगावर लाल चट्टे असं काही दिसलं की तो आधी काढायचा आणि तडक डॉक्टरांकडे जायचं.

म्हणून मी फोनमध्ये दर सहा तासांचा गजर लावला आणि त्याला नाव दिलं, 'दोरा'. तो वाजला मीटिंगमध्ये, फोन टेबलाच्या मधोमध असताना. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'दोरा'. सगळ्यांनी वाचलं. शेजारच्या साहेबांनी कौतुकाने विचारलं, "शिवणकाम शिकताय वाटतं?"

"हो," मी म्हटलं, आणि उठून गेले.

तेव्हापासून दर महिन्याला गजर वाजला की ते आपणहून म्हणतात, "जा, जा, तुमची क्लासची वेळ झाली." परवा तर म्हणाले, "एवढे महिने शिकताय, एकदा आणून दाखवा की काय शिवलंत ते."