एनबीएचे पगार आणि आपली कबड्डीची पोरं

एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या पगारांचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरले की खाली एकच सूर लागतो, 'अमेरिकेत पैसा आहे, म्हणून मिळतो.' हे अर्धंच खरं. पैसा येणं वेगळं, त्यातला वाटा खेळाडूच्या हातात पडणं वेगळं. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत ज्यांची पोरं कबड्डी खेळतात, त्यांनी हा हिशेब जरूर समजून घ्यावा.

तिथे खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात लेखी करार असतो. बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा. त्या उत्पन्नावरूनच दरवर्षी प्रत्येक संघाची पगारमर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप निघते. २०२४-२५ ला ती १४ कोटी ५ लाख ८८ हजार डॉलर होती. एका खेळाडूला देता येणारी कमाल रक्कमही तिच्यावरच बेतलेली : ६ वर्षांपर्यंतच्या अनुभवाला कॅपच्या २५ टक्के, ७ ते ९ वर्षांना ३०, १० पासून पुढे ३५. काही अपवाद आहेत, पण सांगाडा हाच. नव्या खेळाडूंच्या दरवर्षीच्या निवडीत (ड्राफ्ट) पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्याचा पगार तर त्याच्या निवडक्रमावरून ठरतो.

मग खेळ कुठे गेला? खेळ हवाच, पण सही कधी केली यावर फार काही अवलंबून असतं. एनबीएतल्या स्टीफन करीने २०१२ मध्ये ४ वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलरचा, म्हणजे त्याच्या मानाने स्वस्तातला करार केला, कारण घोटा सारखा दुखावत होता. त्याच करारात खेळताना तो २०१५ आणि २०१६ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१६ ला प्रसारणाचा नवा पैसा आला, कॅप एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली, आणि तिमोफे मोझगोव्हसारख्या साध्या सेंटरला (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) ४ वर्षांचे ६ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. करीपेक्षा मोझगोव्ह मोठा होता असं कुणीच म्हणणार नाही.

प्रो कबड्डीत लिलाव होतो आणि संघाने किती खर्च करायचा ते लीग ठरवते. २०२३ ला ही थैली ५ कोटी रुपयांची होती. पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. अर्ध्याहून जास्त एकट्यावर, उरलेल्यात बाकी अख्खा संघ! कोपऱ्यात घोटा धरणारा पोरगा इथेच मार खातो. कबड्डीपटूंचीही भक्कम संघटना हवी आणि उत्पन्नात ठरलेला टक्का हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर सही करण्याआधी एवढं तरी विचारा : हप्ते किती आणि कधी, गुडघा गेला तर उरलेले पैसे मिळणार का, ऑपरेशनचा खर्च कोण करणार, आणि पुढच्या हंगामात संघाने ठेवून घेतलं तर रक्कम किती. उत्तरं तोंडी नकोत, कागदावर घ्या.