स्वल्पविराम मागूलालाय की!

जेसन म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती द्यायची मजकुरी मांडणी. त्यात माहितीच्या प्रत्येक जोडीच्या सुरुवातीला ‘की’, म्हणजे त्या माहितीचं नाव, येते. आमच्या बेळगावात ती वाक्याच्या शेवटी येते: बस की, खा की, जा की. मतभेदाला तिथूनच सुरुवात होते.

बाकी नियम मोजकेच. कीला दुहेरी अवतरण, शेवटच्या नगामागे स्वल्पविराम नाही, मधे शेरे नाहीत, आकड्याआधी फुकटचं शून्य नाही. मांडे करायला याहून जास्त नियम आहेत. तरीही खानापूर-निपाणीच्या दुकानांची साधी यादी स्क्रिप्टमधून (छोट्या प्रोग्राममधून) काढताना अर्धा दिवस जातो, कारण दुखतं पोटात आणि पार्सर (जेसन वाचणारा प्रोग्राम) दाखवतो गुडघा.

महिरपी कंस बंद होण्याआधी एक स्वल्पविराम जादा पडला, तर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतला पार्सर म्हणतो, ‘दुहेरी अवतरणातली की हवी होती.’ (पायथॉनच्या ३.१३ आवृत्तीपासून तो सरळ जादा स्वल्पविरामाचं नाव घेतो. पण जुन्या सर्व्हरना हे कोण सांगणार?) दुकानाच्या नावातच अवतरण असलं, म्हणजे हॉटेल "मामा", तर तो स्वल्पविराम मागतो. एसटीडी कोड ०८३१ अवतरणाविना लिहिला, तर शून्य वाचून खूश होतो आणि पुढे आठ दिसला की पुन्हा स्वल्पविरामच मागतो. खडेबाजारात मराठीत भाव विचारावा तर उत्तर कानडीत, कानडीत विचारावा तर मराठीत, तसंच हे. फरक एवढाच, की तिथे भाव कळतो.

म्हणून त्याचं बोलणं सोडायचं आणि बोट कुठे आहे ते बघायचं: ओळ, स्तंभ, अक्षरक्रमांक. चूक तिथे नाहीतर त्याच्या जरा आधी सापडते. मात्र स्तंभ डोळ्यांनी मोजू नये. ‘खानापूर’ आपल्याला चार अक्षरं, पायथॉनला सात. काने आणि उकारसुद्धा तो रांगेत उभे करतो. पहिल्या ओळीचा पहिलाच स्तंभ दाखवला, तर बहुधा आउटपुट रिकामं असतं, नाहीतर कुणीतरी प्रिंट करून ‘काम सुरू झालं’ असं आधीच जाहीर केलेलं असतं. असल्या घोषणा एसटीडीएररकडे, म्हणजे चुका-सूचनांच्या वेगळ्या वाटेकडे, धाडाव्यात.

मूळ दुखणं जेसन हाताने चिकटवण्याचं. लूपमध्ये प्रत्येक नगामागे स्वल्पविराम छापायचा आणि शेवटी एक अक्षर कापायचं, ही युक्ती फार लोकप्रिय आहे. यादीत एकही दुकान नसलं की हीच कात्री उघडा कंस उडवते. म्हणून चाचणी शून्य, एक आणि दोन नगांवर घ्यावी. चौथा नमुना हॉटेल "मामा"चा, पाचवा पत्त्यात एंटर मारलेल्या गिऱ्हाइकाचा. स्क्रिप्ट चालवायची, एसटीडीआउट (तिचं मुख्य आउटपुट) पकडायचं, जेसन डॉट लोड्सला (पायथॉनच्या जेसन वाचणाऱ्या फंक्शनला) द्यायचं आणि निघालेली यादी मूळ यादीशी ताडायची. मजकूर अक्षराला अक्षर जुळवत बसलात, तर एका रिकाम्या जागेसाठी चाचणी लाल होते.

दुरुस्ती स्वतः दोन ओळींची असते. सगळं डिक्शनरीत (पायथॉनच्या जोड्यांच्या डब्यात) भरा आणि जेसन डॉट डम्प्सने, म्हणजे जेसन लिहिणाऱ्या फंक्शनने, एकदाच बाहेर काढा. डिक्शनरी तशीच प्रिंट केली तर अवतरणं एकेरी येतात आणि जेसनच्या नल-ट्रूच्या (‘रिकामं’ आणि ‘खरं’च्या) जागी पायथॉनचे नन आणि कॅपिटलवाला ट्रू बसतात. डम्प्सला ‘एन्शुअर आस्की फॉल्स’ (इंग्रजीबाहेरची अक्षरं तशीच ठेव) लिहिलं नाही, तर बेळगावच्या जागी तिरक्या रेघा आणि यू यांची माळ येते; ती वैध असते, वाचवत नाही एवढंच. मराठी आणि कानडी नावं एकाच कंसात ठेवली तरी जेसनची काही हरकत नसते. सीमाप्रश्न त्याला माहीत नाही.

सर्वांत लबाड चूक रिकाम्या रकान्याची. पांडाज ही पायथॉनची तक्ते हाताळणारी लायब्ररी तिथे नॅन (‘आकडा नाही’ची खूण, जी जेसनला चालत नाही) भरते, पायथॉन तो बिनदिक्कत लिहितो आणि स्वतःच बिनदिक्कत वाचतोही. नुसतं वाचून बघणारी चाचणी हिरवी, ब्राउझर ठप्प! परीक्षार्थी तोच, तपासनीसही तोच. डम्प्सला अलाउ नॅन फॉल्स सांगितलं की तो जागीच अडतो. वर नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) जेसन डॉट पार्सकडूनही एकदा तपासून घ्यावं, परका माणूस बरा.

एवढं ठाऊक असूनही मी जेसन हातानेच चिकटवतो आणि पाचपैकी चारच नमुने हिरवे होतात. शेजारच्या खुर्चीवरून प्रश्न येतो, “अजून काय करूलालास?”

“मामाच्या हॉटेलात बसलोय. स्वल्पविराम मागूलालाय की!”