थर्मोस्टॅट काढल्याने जुनी बस थंड राहत नाही

जुन्या डिझेल बसमध्ये ओटा, बिछाने आणि पाण्याची टाकी बसवून तिची फिरती राहुटी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. इंजिन तापत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातल्या गरम पाण्याची वाट उघडझाप करणारी झडप, काढून टाका, कूलंटवर (पाण्यात मिसळायच्या रसायनावर) खर्च न करता साधे पाणी भरा, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की असाल तिथे इंजिन बंद करा, आणि एवढ्यानेही भागले नाही तर मोठा रेडिएटर बसवा, असा तो चार कलमी सल्ला आहे. चारही कलमांत थोडेथोडे तथ्य असल्यामुळेच तो टिकून राहिला आहे. परंतु गाडी नेमकी कशामुळे तापते हे पाहण्याची गरजच त्यात मानलेली नाही.

थर्मोस्टॅटमधले मेण साधारण 80 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून फुगते, झडप उघडते आणि गरम पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. झडप बंद अवस्थेत अडकली असेल तर थर्मोस्टॅट काढताच गाडी तापायची थांबते, आणि हा समज तिथूनच पसरला असावा, कारण ज्याची अडकलेली झडप निघाली तो आपला अनुभव सर्वांना सांगत सुटतो. प्रत्यक्षात अनेक इंजिनांत हीच झडप उघडताना दुसऱ्या बाजूने बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परतवणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ती वाट कायमची उघडी राहते, आणि घाटात थेंबन् थेंब पाणी रेडिएटरमधून जायला हवे असताना त्यातले काही तसेच गरम इंजिनात परतते. ज्या इंजिनात बायपासची अशी रचना नाही तिथे उलट सपाट रस्त्यावर इंजिन थंडच चालते, डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडरची झीज वाढते. झडप तपासायला एक पातेले पुरते. पाणी तापत ठेवावे, थर्मोस्टॅट तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने लटकवावा, शेजारी तापमापक सोडावा आणि थर्मोस्टॅटवर कोरलेल्या अंशाजवळ झडप हलू लागते का ते पाहावे. हलत नसेल तर नवा, त्याच अंशाचा थर्मोस्टॅट बसवावा.

साध्या पाण्याबद्दल एक गोष्ट मान्य केली पाहिजे: शुद्ध पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेते. परंतु आपण भरतो ते शुद्ध नसते. बोअरच्या पाण्यातले क्षार सिलिंडरभोवतीच्या पोकळीत आणि रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात, आणि तो पातळ थरही उष्णता अडवतो. गंज रोखणारे रसायन नसल्याने लोखंड खात जाते ते वेगळेच. या कलमात रेडिएटरच्या कॅपचा उल्लेखही नाही, हे मला सर्वांत खटकते. सुमारे 1,350 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला उघडे पाणी 95-96 अंशांनाच उकळते. सात पौंड दाबाची धड कॅप हा उकळबिंदू दहा-बारा अंशांनी वर ढकलते. तिचे रबर कडक झाले असेल, तर निरोगी इंजिनही घाटमाथ्यावर पाणी बाहेर टाकते.

तापलेले इंजिन तत्काळ बंद केले की पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही थांबतात आणि हेडमधली (सिलिंडरांवरच्या झाकणातली) उष्णता तिथेच कोंडते. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल तर इंजिन लगेच बंद करणेच योग्य. एरवी गाडी कडेला घेऊन, गियर काढून, किंचित रेस देऊन दोन-तीन मिनिटे चालू ठेवावी. कॅप गरम असताना उघडू नये आणि हेडवर गार पाणी ओतू नये.

मोठा रेडिएटर बसवण्याच्या विचारात आम्हीही होतो, कारण वाईहून पसरणी घाट चढताना आमच्या बसचा काटा तिसऱ्या-चौथ्या वळणालाच लालकडे सरकत असे. सुदैवाने एका वयस्कर मेस्त्रींनी आधी बोनेट उघडून टॉर्च मारला. रूपांतर करताना एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढ्यात बसवलेला होता, आणि दोन्हींच्या मधल्या बोटभर फटीत धूळ, किड्यांचे पंख आणि उसाच्या पाचटाची कुसे यांचा नमदा तयार झाला होता. शोभेसाठी जाळीवर लावलेल्या पत्र्याने निम्मी हवा अडवली होती, आणि पंख्याभोवतीचे कवच तर परत बसवलेलेच नव्हते, त्यामुळे पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा घुसळत होता. अशा ठिकाणी मोठा रेडिएटर बसवूनही त्याला हवा कुठून मिळाली असती? इंजिनाच्या बाजूने पाणी मारून तो नमदा पुढे काढला, पत्रा कापला, कवच बसवले, आणि पुढच्या खेपेस दुसऱ्या गियरमध्ये इंजिन मोकळे फिरवत पाचगणीपर्यंत न थांबता गेलो. तिसऱ्यात रेटत नेली असती तर पंप आणि पंखा मंद फिरले असते आणि टाकीतल्या तीनशे लिटर पाण्याचे तीनशे किलो ओझे इंजिनाला जाणवले असते.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. हेडलाइट किंवा इन्व्हर्टर चालू करताच काटा उडी मारत असेल तर दोष अर्थिंगचा आहे, कारण रूपांतरात वाढवलेल्या तारा बहुधा त्याच जुन्या बोल्टला जोडलेल्या असतात. याउलट सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, पाणी कोमटही झालेले नसताना, वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेडखालच्या सीलमधून, ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. तिथे या चारपैकी एकही उपाय लागू पडत नाही. हेड उतरवावेच लागते.