“तीन ठिकाणी तीन वजनं” या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. घरी बांधलेल्या किट कारची (सुटे भाग जोडून उभी केलेली गाडी) उघडी चेसिस, म्हणजे नुसता सांगाडा, तुम्ही आमच्याकडे वेर्ण्याला वजनाला आणली होती. एक तारा देताना तुमची तक्रार अशी: तुमच्या हिशेबाने 61 किलो, डिचोलीकडच्या काट्यावर 70, आमच्याकडे 76. वर चार कोपऱ्यांचे आकडे दोन मांडण्यांत वेगळे, म्हणजे आमचे पॅडच (प्रत्येक कोपऱ्याखाली ठेवायचे छोटे वजनकाटे) बिघडलेले.

आधी काटा. पावत्या तुम्हीच जोडल्या आहेत: पिकअप चेसिससकट 1,840, रिकामी 1,770. ट्रकांचा काटा तो, 10 किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. दर पावतीत 5 किलो इकडेतिकडे, वजाबाकीत 10. खरं वजन 60 ते 80 मध्ये कुठेही असू शकतं. त्यात तुमचे 61 बसतात आणि आमचे 76 सुद्धा. चेसिस नुसती काट्यावर ठेवली नाहीत हे बरं केलंत, टप्प्याच्या वीसपटीखाली, म्हणजे इथे 200 किलोखाली, त्यावर वजन करायचंच नसतं.

आता 61. तुमच्या कटिंग लिस्टमध्ये 25 बाय 25 चा चौकोनी पाइप 48 मीटर आहे, 16 गेज (पत्र्याच्या जाडीचं माप) धरून. 16 गेज म्हणजे 1.6 मिमी जाडी, मीटरला सुमारे 1.12 किलो, एकूण 54. मागच्या बाजूला पाइपची दोन तोंडं उघडी होती. तिथला बर (कापताना राहिलेली खरखरीत धार) घासून, पाइपची वेल्डची शिवण टाळून व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावला, तर जाडी 2 मिमी भरली, दोन्हीकडे. तो 14 गेज झाला: मीटरला 1.36, एकूण 65. अकरा किलो इथेच वाढले. उरलेले चारेक किलो सस्पेन्शनचे ब्रॅकेट, इंजिन माउंटच्या पट्ट्या आणि वेल्डिंग. लिस्टमध्ये ब्रॅकेटचे नगच कमी धरले आहेत आणि वेल्डिंग तर कुणीच धरत नाही. आमच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. उरलेल्या पाइपचा बरोबर एक मीटर तुकडा कापा आणि किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक तराजूवर ठेवा. 1.1 च्या आसपास आला तर आम्ही चुकलो, 1.3 च्या वर गेला तर पाइप विकणाऱ्या दुकानदाराला विचारा.

कोपऱ्यांचं प्रकरण जास्त महत्त्वाचं. पहिली मांडणी: पुढे डावा 23.5, उजवा 15. मागे डावा 14.5, उजवा 23. दुसरी: पुढे 16 आणि 22.5, मागे 22 आणि 15.5. आता बेरजा करून पाहा. पुढची जोडी दोन्ही वेळा 38.5, मागची 37.5, डावी बाजू 38, उजवी 38, एकूण 76. पॅड बिघडले असते तर या बेरजा जुळल्या नसत्या. बदलला तो फक्त कर्णावरचा, म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरचा भार. स्प्रिंग नसलेली चेसिस ताठ असते, चार पायांच्या स्टुलासारखी: एका पॅडखाली मिलिमीटरभर जास्त झालं की भार त्या कर्णावर सरकतो. चार कोपऱ्यांची पावती तुम्ही मागितलीत म्हणून दिली, पण “याला अर्थ नाही” हे तिच्यावरच लिहिलं आहे. उघड्या चेसिसला तीन आधार द्यावेत, पुढे दोन, मागे मधोमध एक. मग पुढे-मागे आणि डावं-उजवं वजन पक्कं कळतं. पॅड रोज सकाळी 20 किलोच्या शिक्क्याच्या वजनाने तपासतो. पावसाळ्यात कनेक्टरला दमट हवा लागून आकडा हळूहळू सरकतो, म्हणून तेव्हा दुपारीही.

कोपऱ्यांची वजनं घ्यायची ती गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्यावर. टायरची हवा ठरलेली, टाकी अर्धी, चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या, अँटी-रोल बारची (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, गाडी कलू न देणारा दांडा) एक लिंक सुटी. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबर बुशचे बोल्ट गाडी खाली उतरल्यावरच आवळा, हवेत आवळलेला बुश पिळून राहतो आणि आकडा फसवतो. जॅकवरून उतरवल्यावर चाकं आत ओढलेली असतात; गाडी दोनदा पुढे-मागे ढकलून मगच पॅडवर घ्या. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून एकूण वजनाच्या 50 टक्के, तिथवर कॉइलओव्हरच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला भाग) रिंगा फिरवून येता येतं. डावं-उजवं मात्र रिंगांनी बदलत नाही. त्यासाठी बॅटरी किंवा टाकीच हलवावी लागते, तेव्हा त्यांच्या जागा आत्ताच वेल्ड करून टाकू नका.

तीन आधारांवरचं वजन हवं असेल तर चेसिस पुन्हा आणा, पैसे घेणार नाही. फक्त आधी फोन करा, चवथीच्या आठवड्यात गॅरेज बंद असतं.