रिफंड मागणाऱ्याला चोर समजू नका : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गेम स्टोअरनी रिफंड सढळ हाताने द्यावा आणि डीआरएमचा, म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून गेमला लावलेल्या डिजिटल कुलुपाचा, हट्ट सोडावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की डिजिटल माल खऱ्या अर्थाने परत होतच नाही, प्रत मागे राहते. शिवाय रिफंडही द्यायचा आणि कुलूपही काढायचं, तर लोक फुकट खेळतील आणि मरण छोट्या डेव्हलपरचं होईल. यातलं शेवटचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याकडे येतोच.

आधी प्रतीचं. कुलूपबंद गेम परत केला की तो तुमच्या खात्यातल्या लायब्ररीतून जातो. फाइल हार्ड डिस्कवर पडून राहिली तरी परवान्याशिवाय ती चालत नाही. म्हणजे ज्या दुकानाने कुलूप लावलंय, त्याला तर पैसे परत करायला घाबरण्याचं काहीच कारण नाही. तरीही स्टीम या गेम स्टोअरने, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर रिफंड, हा नियम आणला तो थेट जून २०१५ मध्ये. त्याआधी, ऑगस्ट २०१४ मध्येच, ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने स्टीमच्या मालक कंपनीला, वॉल्व्हला, कोर्टात खेचलं होतं. आपण ऑस्ट्रेलियात व्यवसाय करतच नाही आणि गेम हा 'माल' नव्हेच, असा बचाव वॉल्व्हने तिथे केला. २०१६ मध्ये कोर्टाने तो फेटाळला आणि ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. अपिलातही काही हाती लागलं नाही. पायरसीची भीती हे रिफंड नाकारण्याचं खरं कारण असतं, तर कंपनीला 'आम्ही इथे नाहीच' असं म्हणावं लागलं नसतं.

आता बिनकुलुपाचं दुकान बघा. पोलंडचं गॉग २००८ पासून डीआरएमशिवाय गेम विकतंय. इन्स्टॉलर उतरवा, पेन ड्राइव्हवर ठेवा, कुणी विचारत नाही. तुमच्या हिशोबाने या दुकानाने रिफंडचं नावही काढायला नको. पण फेब्रुवारी २०२० पासून त्यांनीच ३० दिवसांची मुदत दिली, गेम उतरवून खेळला असला तरीसुद्धा. गैरवापर दिसला तर नकार देण्याचा हक्क तेवढा राखून ठेवला. आणि हे जमतं, कारण ज्याला चोरायचंच आहे तो स्वतःच्या नावाने खातं उघडून, पैसे भरून, मग परत मागत बसत नाही. तो सरळ टॉरेंटवर, म्हणजे चोरीच्या प्रती फुकट मिळतात तिथे, जातो. २००८ मध्ये 'स्पोअर' या गेमला सिक्युरॉम नावाच्या डीआरएमचं कुलूप होतं, तीनच अ‍ॅक्टिव्हेशन्सची, म्हणजे तीनच संगणकांवर गेम सुरू करण्याची, मर्यादा होती. गेम बाजारात येण्याआधीच टॉरेंटवर पोचला होता! मर्यादेचा जाच झाला तो पैसे मोजलेल्यांना.

छोट्या डेव्हलपरबद्दल मात्र तुमची काळजी रास्त आहे. २०२१ मध्ये एमिका गेम्सच्या डेव्हलपरने 'समर ऑफ ५८' या गेमनंतर गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं जाहीर केलं. गेम दोन तासांच्या आत संपायचा. अभिप्राय चांगले येत होते आणि रिफंडही मोठ्या प्रमाणावर घेतले जात होते. पूर्ण गेम खेळून, आवडूनही पैसे परत घेणं मला अजिबात पटत नाही. पण यात दोष रिफंडचा नाही, सगळ्या गेमना एकच दोन तासांची फूटपट्टी लावण्याचा आहे. साठ तासांच्या गेममध्ये दोन तास म्हणजे जेमतेम सुरुवात, तर दीड तासाच्या गेममध्ये तेवढ्यात सगळं संपलेलं असतं. अचीव्हमेंट्स, म्हणजे ठरावीक टप्पे गाठल्याच्या नोंदी, असलेल्या गेममध्ये खेळाडूने शेवट गाठला की नाही हे स्टीमला कळू शकतं. मग शेवट पाहिलेल्याला, गेम सदोष असल्याखेरीज, रिफंड देऊ नये. आणि छोट्या गेमची मुदत त्याच्या लांबीनुसार ठरवावी. एवढं केलं तर एमिकासारख्यांचं नुकसान टळेल, आणि ज्याच्या लॅपटॉपवर गेम धड सुरूच होत नाही त्याचेही पैसे बुडणार नाहीत.