उभ्या रेषा, आडवा संसार

देवाने उजेड तयार करताना शाळेच्या वेळा बघितल्या नाहीत, हे माझं फार जुनं गाऱ्हाणं आहे. मी इमारतींचे फोटो काढतो. आर्किटेक्ट लोकांची नवी घरं, हॉटेलं, जुने वाडे, देवळं, चर्च, जे उभं आहे आणि हलत नाही ते सगळं. आता इमारत दिवसातून दोनदाच देखणी दिसते, सकाळी ऊन कोवळं आणि तिरकं असतं तेव्हा आणि संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा. मधल्या वेळात गोव्याचं ऊन असं टाळक्यावर येतं की बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीत, मिट्ट काळोख आणि अंगण पांढरंफट्ट. आणि नेमक्या याच दोन वेळा संसाराच्या! सकाळी पाववाला पोदेर हॉर्न वाजवत दारात, डबे भरायचेत, धाकट्याचा एक मोजा गायब, शाळेची बस, म्हणजे बालरथ, गेटावर येऊन उभा. संध्याकाळी दिवेलागण, आईचं शुभं करोति, मोठीचं गणित. दुपारी बारा ते चार मी एकदम रिकामा असतो, पण तेव्हा घरात माझी कुणालाच गरज नसते, गोव्यात त्या वेळेला सगळे झोपतात.

त्यात ती ब्लू अवरची भानगड. सूर्य बुडाल्यावर आकाश गडद निळं होतं आणि घरातल्या पिवळ्या दिव्यांशी त्याची बरोबरी जुळते ना, ती वेळ. नावाला अवर, हातात येतात वीसेक मिनिटं. युरोपात उन्हाळ्यात म्हणे हे सगळं निवांत रेंगाळतं, आपण पडलो पंधरा अंश अक्षांशावर, इथे सूर्य सरळ खाली उतरतो आणि गेला की गेलाच. त्या वीस मिनिटांत घरून फोन येतोच येतो. "अहो, इन्व्हर्टर बीप बीप करतोय." "अहो, येताना कोथिंबीर." एकदा तर आईने नुसतं विचारायला फोन केला की फोनला चार्जिंग आहे ना.

आता नातेवाईकांकडे येऊ. मी फोटोग्राफर आहे म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, आमच्या पोरीच्या लग्नाला येशील ना कॅमेरा घेऊन? मी माणसांचे फोटो काढत नाही म्हटलं की एक काका म्हणाले, मग काय वाघाबिघाचे? नाही हो, घरांचे. काकांनी जरा वेळ विचार केला आणि आवाज उतरवून म्हणाले, म्हणजे दलाली करतोस म्हण की. गोव्यात आता कुणाला दोष द्यायचा, जुन्या घरासमोर फोटो काढत उभा राहणारा माणूस दिल्लीचा गिऱ्हाईक तरी असतो नाहीतर त्याला घेऊन आलेला एजंट तरी.

आणि ट्रायपॉड लावला की तिसरा संशय. तीन पायांवर काहीतरी ठेवून एक डोळा मिटून बघणारा माणूस म्हणजे सर्व्हेवाला! तिसवाडीतल्या एका गावात मी भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, जुनं घर काढत होतो, जांभ्या चिऱ्याची जाड भिंत, शिंपल्याच्या तावदानांच्या खिडक्या, बाल्कांवात दोन्ही बाजूंना बसायचे सोपे, बघत राहावं असं काम. पाचच मिनिटांत समोरच्या घरातून एक आजोबा जमिनीचा एक-चौदाचा उतारा घेऊनच आले, बाहेर यायच्या आधी त्यांनी तो शोधून काढला होता बघा. "रोड वायडनिंग?" मी म्हटलं नाही हो, फोटो. त्यांनी माझ्या लेव्हलच्या बुडबुड्याकडे असं बघितलं की खोटं बोलायचं तर निदान बुडबुडा लपवून तरी बोल. मग त्यांनी मला त्यांची हद्द पायाने चालून दाखवली, फणसापासून विहिरीपर्यंत, आणि मी पण मान हलवत मागे मागे गेलो कारण तोपर्यंत ऊन ढगात गेलं होतं.

त्या घराची गंमत पुढे आहे. समोरच्या भिंतीला खिडक्यांची अशी सुंदर रांग, सगळ्या उघडल्या की उजेड आतून झिरपतो, आणि मधलीच एक बंद. मी मालकीणबाईंना म्हटलं तेवढी एक उघडली तर बरं. त्या म्हणाल्या, "ती खिडकी कोर्टात आहे." म्हणजे ती खोली चुलतदीराच्या वाट्याची, वाटणी अजून व्हायचीय, कुलूप त्यांचं, किल्ली पोर्तुगालात. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडाच्या वळणाने मुलगा असो मुलगी असो सगळ्यांना घरात वाटा, कायदा म्हणून एकदम न्यायाचा, पण फोटोग्राफरला त्याचा इतका त्रास होईल असं तेव्हा लिस्बनमध्ये कुणाच्या डोक्यात आलं नसणार. शेवटी मला हे काम देणाऱ्या आर्किटेक्टने विचारलं की कॉम्प्युटरवर उघडता येईल का. तांत्रिकदृष्ट्या येते. पण वादातली खिडकी मी उघडली आणि फोटो उद्या कुणी पुरावा म्हणून लावला तर? बंदच ठेवली.

पणजीतल्या फोंतेन्यास या जुन्या रंगीत वस्तीचं तर बोलूच नका. तिथे प्री-वेडिंगवाल्यांनी इतका उच्छाद मांडलाय की लोकांनी दारांवर पाट्या लावल्यात, आणि बरोबरच केलंय. मी वधू-वरांशिवाय एकटाच गेलो तरी वरच्या खिडकीतून आवाज येतो, "हांगा फोटो काडूंक जायना!"

खरं सांगू का, या धंद्यात फोटो काढणं हे सगळ्यात शेवटचं आणि छोटं काम आहे. खरं काम म्हणजे घरात माणूस राहतो याचे पुरावे नष्ट करणं. आसगावच्या एका व्हिलात मी सकाळभर काय काय हलवलं बघा, चपला, रिमोट, मिक्सर, कचऱ्याचा डबा, बँकेचं कॅलेंडर, देवापुढची काड्यापेटी, एक्स्टेन्शन बोर्ड, फ्रीजवरचे मॅग्नेट आणि एक आजी. आजी आपल्या खुर्चीवर बसून होत्या आणि खुर्ची डिझायनर होती. मग उशांचे कोपरे ताठ करायचे, पडद्याच्या चुण्या सारख्या करायच्या, टेबलावर एकच लिंबू ठेवायचं का तीन यावर आर्किटेक्टशी अर्धा तास. सुट्टीच्या दिवशी हे काम असलं की मी घरच्यांनाच नेतो, नाहीतर भेटायचं कधी आम्ही? ही उशा बघते, मोठी पडदे, आणि धाकट्याकडे दिवे. मी बागेतून ओरडायचं, "वरचा बाथरूम ऑन!" की तो पळत जाऊन लावतो. पगारी असिस्टंटपेक्षा चोख काम, फक्त मधेच भूक लागते.

याचा परिणाम घरी झाला नसता तरच नवल. ही शाळेत शिक्षिका आहे, मुद्दा सोडत नाही. "लोकांच्या बाथरूममधले टॉवेल तुम्ही घडी घालून, कड जुळवून ठेवता. मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्या खुर्चीवर जो ओला पडलाय त्याचा रेट काय ते सांगा, मी क्लायंट म्हणून बुक करते."

बरं, मला आणखी एक आजार जडलाय तो म्हणजे उभ्या रेषांचा. कॅमेरा जरा वर वळवला की इमारतीच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडे कलायला लागतात, देऊळ मागे पडतंय की काय असं वाटतं. त्यावर इलाज म्हणजे टिल्ट-शिफ्ट लेन्स. कॅमेरा सरळच ठेवायचा, लेन्स तेवढी वर सरकवायची, रेषा जागच्या जागी उभ्या. माझ्याकडे २४ एमएमची आहे. किंमत सांगत नाही, पण हिला माहितीय आणि आमच्या घरात आता ते चलन झालंय, बाल्कनीची जाळी म्हणजे पाव लेन्स, मोठीचे दातांचे ब्रेसेस म्हणजे अर्धी. त्यात त्या लेन्सला ऑटोफोकस नसतो, रिंग हाताने फिरवावी लागते. हे कळल्यावर ही बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "एवढे पैसे देऊन फोकस पण तुम्हीच करायचा?"

तर या आजारात माणूस जाईल तिथे दाराच्या चौकटी बघतो. हॉटेलात मेनू कार्डाच्या आधी मी फरशीचा सांधा बघतो. कुणाच्या घरी वास्तुशांतीला गेलो की तीर्थप्रसाद घेताना भिंतीवरची फ्रेम हळूच सरळ करतो, ही कोपराने ढोसते. एकदा आईला जुन्या गोव्याला घेऊन गेलो, सकाळी लवकर, कारण सी कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला तो परत काही बांधला नाही, त्यामुळे सिमेट्रीच्या माणसाला तिथे पोटात कसंतरी होतं. आई बघत राहिली आणि म्हणाली, "अरे बाबू, अडीचशे वर्षं झाली म्हणतोस आणि यांना कुणी घरचं बोललं नाही?" समोर बॉं जेझुसचं चर्च, त्याचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला तेव्हापासून चिरा उघडाच आहे आणि पाऊस त्याला हळूहळू खातोय. त्यावर आईचं मत, निदान झावळ्या तरी लावायच्या.

पाऊस म्हटल्यावर माझा ऑफ सीझन आला. जून ते सप्टेंबर गोव्यात इमारत दिसतच नाही, एकतर पाऊस आडवा नाहीतर निळी ताडपत्री बांधलेली. तेव्हा मी पूर्ण वेळ कुटुंबवत्सल. पण लेन्सना या हवेत बुरशी येते, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यागत पसरते, म्हणून मी एक ड्राय कॅबिनेट घेतलं, काचेच्या दाराचं, आत आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांवर धरून ठेवणारं. बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवलं. आता आमच्या आईचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मे महिन्यात भरून झालेलं असतं, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, सुके बांगडे, पापड, सोलं, हळसांडे, सगळं डब्यात, आणि दर पावसात पापड मऊ पडतात हे तिचं आयुष्यभराचं दुखणं. तिने नुसतं विचारलं की या कपाटात काय होतं रे. मी उत्साहाने आर्द्रता म्हणजे काय ते सगळं समजावलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या कप्प्यात पापड. मी काही बोललो नाही, आई आहे. मग सोलं आली. मग एका संध्याकाळी दार उघडलं तर २४ एमएमच्या शेजारी सुंगटांचा डबा, झाकण किंचित उघडं, "हवा लागायला हवी ना त्यांना." मी म्हटलं आई अगं ही लेन्स किती रुपयांची आहे माहितीय? तर म्हणते, "आणि सुंगटं कशी किलो झालीयत ते तुला माहितीय?" नंतर पणजीत एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात मी बॅग उघडली, तर त्यांचं मांजर टेबलावरून उतरून सरळ माझ्याकडे आलं आणि मीटिंग संपेपर्यंत लेन्सपाशी बसून राहिलं. श्रावण लागला की आमचं कॅबिनेट शाकाहारी होतं, तेवढाच महिना मी मोठे क्लायंट गाठतो.

राहता राहिला माणसांचा प्रश्न. मला फोटोत माणसं चालतात ती कला अकादमीतल्यासारखी. कांपालला मांडवीच्या काठी चार्ल्स कोरियांची ती इमारत, आणि आत नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले सज्जे आणि त्यात बसलेले प्रेक्षक. काय माणसं आहेत! हलत नाहीत, फोन करत नाहीत, माझा फोटो का नाही काढला विचारत नाहीत. पण क्लायंटला जिवंत माणूस लागतो, इमारतीचं माप कळायला, आणि तो पण चेहरा न दिसणारा. मग शटर अर्धा-पाऊण सेकंद उघडं ठेवायचं आणि कुणालातरी चालायला लावायचं, इमारत ठसठशीत येते आणि माणूस धुरकट. हे चालायचं काम अर्थात आमच्या घरचं. त्यामुळे माझी बायको चांगल्या चांगल्या मासिकांत छापून आलीय, जिन्यावर, स्विमिंग पूलच्या काठी, एका हॉटेलच्या लॉबीत. सासूबाई सावंतवाडीहून आल्या होत्या त्यांना मी कौतुकाने अंक दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हा पायऱ्यांवर धूर कसला?"

"आई, ती मी," ही म्हणाली.

तेव्हापासून हिने राजीनामा दिला आणि काम मोठीकडे आलं. मोठी सातवीत आहे आणि तिच्या मैत्रिणींनी ते फोटो बघून ही तू नाहीसच असं सांगितलंय. परवा हळदोण्याला एका घराचा संध्याकाळचा शॉट, आकाश अगदी हवं तसं निळं, पूलमध्ये दिव्यांचं प्रतिबिंब, आर्किटेक्ट मागे श्वास रोखून, मी म्हटलं, "चाल!" आणि ही बाई कॅमेऱ्याकडे तोंड करून फ्रेमच्या मधोमध उभी राहिली, हाताची घडी.

"अगं चाल ना, उजेड जातोय!"

"आधी पैसे."

"घरी गेल्यावर देतो."

"आजी म्हणाली आधी घे. तू नंतर मला कॉम्प्युटरवर पुसून टाकतोस."

मागून आर्किटेक्ट म्हणाले, पॉइंट आहे तिचा. मी ट्रायपॉड सोडून पाकीट काढलं, शंभरची नोट दिली, तिने ती दिव्यासमोर धरून बघितली, खिशात घातली आणि म्हणाली, "आणि त्याचे?" वर बघतो तर बाथरूमचा दिवा बंद, आणि खिडकीत धाकटा, एक बोट स्विचवर ठेवून.