टम्बलर थंडावला म्हणजे मोटर जळाली, असे नव्हे

काडतुसांच्या पितळी पुंगळ्या साफ करणाऱ्या व्हायब्रेटरी टम्बलरमधील, म्हणजे थरथरणाऱ्या भांड्याच्या यंत्रातील, पुंगळ्या घासणारा चुरा फिरेनासा झाला की मोटर जळालीच समजावे, हा सध्या फिरणारा सल्ला बरोबर नाही. मोटर गुणगुणत असूनही अक्रोडाच्या कवचाचा चुरा जागचा हलत नसेल, तर बहुधा भांडे प्रमाणाबाहेर भरलेले असते, किंवा मोटरच्या दांड्यावरील विकेंद्री वजनाचा (मध्यापासून बाजूला बसवलेल्या, थरथर निर्माण करणाऱ्या वजनाचा) स्क्रू सैल होऊन ते वजन नुसतेच घसरत असते. प्लग काढून, तळ उघडून तो आवळला की काम भागते. अतिउष्णतेमुळे बंद पडलेली मोटरही, संरक्षक स्विच असल्यास, निवल्यावर पुन्हा चालू होते. त्याच सल्ल्यातील अमोनियायुक्त पॉलिश घालण्याची सूचना मात्र चुकीचीच नव्हे, तर धोक्याची आहे, कारण अमोनियाने ताणाखालील पितळाला तडे जातात.